उलटसुलट वाक्य: रामटेकच्या अन्वयापासून पी-क्यू-आर-एसपर्यंत

कानात इअरफोन घालून मेट्रोत उभे असाल, नाहीतर अभ्यासिकेतून पाच मिनिटं चहाला बाहेर आला असाल, तरी आजचा भाग शेवटपर्यंत ऐका. ज्यांना वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग नेहमीप्रमाणे इथे आहेच.

एरवी आपण किल्ले, लढाया, राजे यांच्याबद्दल बोलतो. आज इतिहास सांगायचाय तो एका प्रश्नाचा. स्टाफ सिलेक्शन, बँक, रेल्वे, कुठलीही परीक्षा द्या, इंग्रजीच्या भागात हा प्रश्न बसलेलाच असतो. एक वाक्य तोडून चार तुकडे केलेले. त्यांना नावं दिलेली पी, क्यू, आर, एस. खाली चार पर्याय. योग्य क्रम ओळखा. आपल्याकडे याला कोणी 'जम्बल्ड सेन्टेन्स' म्हणतं, कोणी 'पॅराजम्बल', आणि अभ्यासिकेतली पोरं सरळ 'पीक्यूआरएस' म्हणतात.

स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांसाठीची परीक्षा घ्या. पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न, ६० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यातले २५ प्रश्न इंग्रजीचे. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं की अर्धा गुण कापला. ३६ सेकंदांत तुकडे जुळवायचे, आणि जुळले नाहीत तर खिशातलेही जायचे.

माझी एक मावसबहीण नागपुरात राहून ही तयारी करते. शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. गणितात आणि बुद्धिमत्ता चाचणीत ती मला मागे टाकते, आणि मी बीटेक आहे बरं का. पण पीक्यूआरएस आला की अडकते. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "दादा, मला सगळे शब्द समजतात रे. अर्थही समजतो. पण चारही पर्याय बरोबरच वाटतात. काहून असं होते?"

हा 'काहून' माझ्या डोक्यात राहिला. उत्तर शोधता शोधता मी हजार-दीड हजार वर्षं मागे गेलो, आणि गंमत म्हणजे रस्ता आपल्या रामटेकवरूनच गेला.

आधी एक छोटा प्रयोग करू. तीन शब्द घ्या: मांजरीने, उंदीर, पकडला. तीन शब्दांचे क्रम होतात सहा. सगळे म्हणून बघा.

मांजरीने उंदीर पकडला.
उंदीर मांजरीने पकडला.
मांजरीने पकडला उंदीर.
उंदीर पकडला मांजरीने.
पकडला मांजरीने उंदीर.
पकडला उंदीर मांजरीने.

सहाच्या सहा चालतात. काही बोलण्यातली, काही गोष्टीतली, एखादं गाण्यातलं वाटेल. जोर कुठल्या शब्दावर आहे ते बदलतं, पण कोणी कोणाला पकडलं याबद्दल कोणाच्याही मनात गोंधळ नाही. कारण पकडणाऱ्याच्या शेपटाला 'ने' चिकटलेला आहे. मांजर वाक्यात कुठेही जाऊन बसली, तरी ओळखपत्र गळ्यात आहे.

आता हेच इंग्रजीत करा. 'द कॅट', 'कॉट', 'द रॅट'. सहा क्रमांपैकी चार तर वाक्यच होत नाहीत. उरतात दोन: 'द कॅट कॉट द रॅट' आणि 'द रॅट कॉट द कॅट'. आणि या दोघांचा अर्थ अगदी उलटा! एकात मांजर जेवते, दुसऱ्यात उंदीर. इथे कोणाच्याच गळ्यात ओळखपत्र नाही. क्रियापदाच्या आधी जो बसला तो कर्ता, नंतर बसला तो कर्म. खुर्ची हीच ओळख.

म्हणजे माझ्या बहिणीला चारही पर्याय बरोबर का वाटतात? कारण तिचा मेंदू मराठीच्या सवयीने वाचतोय. शब्द कुठेही असोत, अर्थ जुळवून घ्यायचा, ही सवय तिला लहानपणापासून आहे. मराठीत ती सवय कामाची आहे. या परीक्षेत नेमकी तीच आडवी येते.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शब्दांना विभक्ती होती. कुत्रा कर्ता असेल तर 'से हुंड', कर्म असेल तर 'थोने हुंड'. आजचा 'द' तेव्हा कामाप्रमाणे रूप बदलायचा. त्यामुळे शब्द थोडेफार हलवले तरी चालायचं, आपल्यासारखंच. मग हळूहळू शब्दांच्या शेवटचे उच्चार बोथट झाले. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेशी सरमिसळ झाली. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंच चालली. या काळात इंग्रजीतली जवळजवळ सगळी विभक्ती झिजून गेली. विभक्तीचं काम करायला कोणीतरी हवं होतं, ते काम जागेने घेतलं. 'ही' आणि 'हिम', 'हू' आणि 'हूम' अशा काही जोड्या तेवढ्या उरल्या.

आता रामटेक.

नागपुरातून जबलपूर रस्त्याने निघालं की पन्नासेक किलोमीटरवर रामटेक. गडावरचं राममंदिर तुम्ही पाहिलंच असेल. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभर राहिला, तो रामगिरी म्हणजेच हे रामटेक, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. छत्तीसगडातल्या रामगडचाही दावा आहे, तो वाद बाजूला ठेवू. रामटेकला १९९७ पासून कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे.

मेघदूताचा पहिलाच श्लोक पीक्यूआरएसच्या नजरेने बघा. पहिला शब्द आहे 'कोणी एक' या अर्थाचा. कोण? ते लगेच सांगतच नाही. 'यक्ष' हा शब्द येतो थेट तिसऱ्या चरणाच्या सुरुवातीला. शापाचं एक विशेषण पहिल्या चरणात, 'शाप' हा शब्द दुसऱ्यात, आणि त्याचं दुसरं विशेषण पुन्हा त्यानंतर. 'राहिला' या अर्थाचं क्रियापद यक्षाला लागून येतं, आणि कुठे राहिला, ते रामगिरीचं नाव अगदी शेवटी. वृत्तात बसवायचं म्हणून कवीने शब्द असे विखुरलेत. संस्कृतात ते चालतं, कारण प्रत्येक शब्दाला विभक्ती आहे. शापाला तृतीया, तर त्याच्या विशेषणालाही तृतीया. दोघं लांब बसले तरी एकाच रंगाचा शर्ट घातलाय, ओळखू येतात.

पण वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते जुळवावं लागतंच. मग पाठशाळेत काय करायचे? अन्वय. हा शब्द तुम्हाला सरकारी कागदांतून माहीत असेल, 'कलम अमुक अन्वये'. मूळ अर्थ जोड, संबंध. श्लोकातले विखुरलेले शब्द उचलून त्यांचं सरळ वाक्य करायचं, याला अन्वय लावणं म्हणतात. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना आठवेल. साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या मल्लिनाथाने कालिदासाच्या काव्यांवर 'संजीवनी' नावाची टीका लिहिली. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय की मी सगळं अन्वयाच्या वाटेनेच समजावणार. म्हणजे इंग्रजीचा पहिला क्लास या देशात उघडण्याच्या कितीतरी आधी इथली पोरं उलटसुलट वाक्यं सोडवत बसली होती.

अन्वयाच्या दोन पद्धती आहेत. एक दंडान्वय. सगळे शब्द गद्याच्या क्रमाने एका रांगेत लावायचे आणि मग वाचायचं. दुसरी खंडान्वय. ही मला जास्त आवडते. यात आधी मुख्य क्रियापद पकडायचं आणि त्यालाच प्रश्न विचारत सुटायचं. मेघदूतावर करून बघू:

काय केलं? वस्ती केली.
कोणी? यक्षाने.
कुठे? रामगिरीच्या आश्रमांत.
कसल्या यक्षाने? कामात कुचराई केलेल्या.
अजून कसल्या? शापाने ज्याचं सामर्थ्य गेलं, अशा.
कोणाचा शाप? त्याच्या मालकाचा.
किती दिवसांचा? एका वर्षाचा.

बघा, चार ओळींचा गुंता सात प्रश्नांत सुटला. एकही शब्द अंदाजाने ठेवला नाही. प्रत्येक शब्द कोणत्या तरी प्रश्नाचं उत्तर म्हणून आला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक प्रोग्राम चालवायचा तर आधी कोणतं पॅकेज लागेल, त्या पॅकेजला कोणतं लागेल, अशी साखळी लावावी लागते. याला आम्ही डिपेन्डन्सी म्हणतो. सगळे क्रम करून बघत बसलो तर चार वस्तूंचे २४ क्रम, पाचांचे १२०, दहांचे ३६ लाख २८ हजार ८००. म्हणून सगळे क्रम कोणी तपासत नाही. कोण कोणावर अवलंबून आहे तेवढं बघायचं, क्रम आपोआप पडतो. खंडान्वय वाचला तेव्हा मला हेच दिसलं.

आपल्या लोकांनी याचे नियमसुद्धा लिहून ठेवले होते. शब्दांचा ढीग वाक्य केव्हा होतो? तीन गोष्टी असतील तेव्हा: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या छोट्या पुस्तकात ते उदाहरणांसह आहे.

आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची लागलेली गरज. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असं म्हटलं तर वाक्य होत नाही, कारण यातल्या कोणालाच कोणाची गरज नाही. योग्यता म्हणजे अर्थ जुळणं. 'विस्तवाने झाडाला शिंपतो' यात व्याकरण ठीक आहे, पण विस्तवाने कोणी शिंपत नाही. सन्निधी म्हणजे जवळीक. आत्ता 'गाय' म्हटलं आणि दोन तासांनी 'आण' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला काही कळणार नाही.

हे तीन शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळाने कामाला येणार आहेत.

आता इंग्रजांकडे येऊ. त्यांनाही आपल्या वाक्यांनी घाम फोडला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकाव्या लागत. तिथे मराठी शिकवायला होते विल्यम केरी. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं. या कामात त्यांना मदत करणारे पंडित होते वैजनाथ शर्मा, आणि ते होते नागपूरचे! इंग्रजी पोरांना 'ऑन द टेबल' उलटं करून 'टेबलावर' म्हणायला शिकवण्यात एका नागपूरकराचा हात होता, हे ऐकून मला तरी भारी वाटलं.

कारण दोन भाषांचे आरसे उलटे आहेत. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं कर्त्याला लागून. आपलं 'वर', 'खाली', 'साठी' नामाच्या मागे, त्यांचं पुढे. आपण म्हणतो 'जो संत्री विकतो तो म्हातारा', ते म्हणतात 'म्हातारा, हू सेल्स ऑरेंजेस'. १९६३ मध्ये जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने ३० भाषा तपासून दाखवलं की या गोष्टी सहसा जोडीनेच येतात. क्रियापद शेवटी असलेल्या भाषेत 'वर-खाली'सुद्धा बहुधा नामाच्या मागेच असतात. तेव्हा हा कोणाच्या हुशारीचा किंवा मंदपणाचा मामला नाही.

नंतर वारं फिरलं. १८३५ मध्ये मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडली. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले आणि पुढच्या वर्षी त्यांची शाळा सुरू झाली. १८८३ मध्ये त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज उघडलं. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९२३ मध्ये. आता इंग्रजी वाक्याशी झटायची पाळी आपली होती.

पण पीक्यूआरएस हा प्रश्न शाळेतल्या व्याकरणातून आलेला नाही. तो बुद्धिमत्ता चाचणीतून आलाय, आणि इथे गोष्ट गंभीर होते.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी मुलांची समज मोजायला प्रश्नांची एक शिडी बनवली. तिच्या १९०८ च्या आवृत्तीत अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्न होता: विस्कटलेले शब्द लावून वाक्य करा. प्रश्न फ्रेंचमध्ये, मुलं फ्रेंच. १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी ही शिडी अमेरिकेसाठी बदलून घेतली, तिथेही हा प्रश्न राहिला.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो रंगरूट भरती होत होते. कोणाला अधिकारी करायचं, कोणाला शिपाई, हे पटकन ठरवायला रॉबर्ट यर्क्स यांच्या गटाने 'आर्मी अल्फा' नावाची लेखी परीक्षा बनवली. तिचा पाचवा भाग आपलाच भाऊ: उलटसुलट वाक्यं, एकूण २४. मनात वाक्य सरळ करायचं आणि ते खरं की खोटं, त्यावर खूण करायची. हजारो लोकांची एकदम परीक्षा, तपासायला सोपी, वेळ बांधलेला. आजच्या स्पर्धा परीक्षेचा सांगाडा तुम्हाला इथेच दिसेल.

पण एक गोष्ट नीट ऐका. ज्यांना वाचता येत नव्हतं किंवा इंग्रजी येत नव्हतं, त्यांच्यासाठी याच लोकांनी वेगळी परीक्षा केली होती, 'आर्मी बीटा'. चित्रांची. म्हणजे ज्यांनी हा प्रश्न सैन्यात नेला त्यांनाही माहीत होतं की इंग्रजी नसलेल्या माणसाला इंग्रजी वाक्य जुळवायला देऊन त्याची बुद्धी मोजता येत नाही.

माहीत असूनही पुढे घोटाळा झालाच. प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनी सैन्याच्या या आकड्यांवर १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि युरोपच्या दक्षिण आणि पूर्व भागांतून आलेले लोक बुद्धीने कमी आहेत असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमेरिकेने अशा लोकांच्या येण्यावर कडक मर्यादा घातली. त्या काळच्या वंशवादी वातावरणात अशा पुस्तकांना भाव होता. मग १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी स्वतःच लेख लिहून आपला निष्कर्ष मागे घेतला. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्यांची इंग्रजी परीक्षेवरून तुलना करता येत नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण कायदा तोवर होऊन गेला होता. हेच ब्रिगहॅम अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेचे कर्ते, ती १९२६ मध्ये सुरू झाली.

आपल्याकडे कोणी नीट काम केलंच नाही असं नाही. धारवाडमध्ये व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची शिडी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. इथल्या मुलांवर तपासली, इथल्या भाषांत. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. 'बिने-कामत चाचणी' हे नाव आजही मानसोपचाराच्या दवाखान्यांत ऐकू येतं. मुलाची समज बघायची असेल तर मुलाच्या भाषेत बघा, एवढं साधं त्यामागे होतं.

आता आजच्या परीक्षेकडे या. स्टाफ सिलेक्शन कमिशन १९७५ मध्ये स्थापन झालं. २०२३ पासून त्यांच्या मल्टी टास्किंग स्टाफ आणि बारावी पातळीच्या परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांतही घ्यायला सुरुवात झाली. चांगली गोष्ट आहे. पण इंग्रजीचा भाग इंग्रजीतच राहणार, ते साहजिक आहे. इंग्रजी येते का हे बघायचंय तर इंग्रजीतच विचारणार ना. माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आपण त्या गुणांचा काय अर्थ लावतो त्याबद्दल आहे. गडचिरोली, भंडारा, यवतमाळमधून आलेली पोरं अभ्यासिकेत बसतात, या प्रश्नात मार खातात आणि स्वतःबद्दल ठरवून टाकतात की 'आपलं डोकंच कमी आहे'. काही जण फॉर्म भरणं सोडतात. डोक्याचा संबंधच नाही तिथे. इंग्रजीत खुर्ची महत्त्वाची आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

तर चला, खुर्च्या लावू. माझं स्वतःचं बनवलेलं उदाहरण आहे. वाक्याची सुरुवात दिली आहे: 'द ओल्ड मॅन'. तुकडे असे:

पी: हॅज सेंट अ लेटर
क्यू: ऑरेंजेस सिन्स चाइल्डहुड
आर: टू द रेल्वे मिनिस्टर
एस: हू हॅज बीन सेलिंग

पाठशाळेतल्या पोरासारखं क्रियापदाला पकडा. क्रियापदं दोन आहेत: 'हॅज सेंट' आणि 'हॅज बीन सेलिंग'. दुसऱ्याच्या आधी 'हू' आहे, म्हणजे ते मुख्य नाही, ते कोणाची तरी ओळख सांगतंय. मुख्य क्रियापद 'हॅज सेंट', म्हणजे पी.

आता आकांक्षा. 'सेलिंग' विचारतंय, काय विकतोय? उत्तर क्यू, ऑरेंजेस. एस-क्यू ही जोडी पक्की. 'सेंट अ लेटर' विचारतंय, कोणाला? उत्तर आर. पी-आर ही जोडी पक्की. चार तुकड्यांचे २४ क्रम होते, दोन जोड्या लावल्या की क्रम उरले फक्त दोन: एस-क्यू-पी-आर किंवा पी-आर-एस-क्यू.

आता सन्निधी. 'हू' ज्याच्याबद्दल बोलतो त्याला चिकटून बसतो. मराठीतला 'जो' लांब बसला तरी 'तो' त्याला शोधून काढतो, इंग्रजीत ती सोय नाही. पी-आर-एस-क्यू लावलं तर 'हू' कोणाला चिकटला? रेल्वेमंत्र्यांना! म्हणजे मंत्री लहानपणापासून संत्री विकतायत.

इथे योग्यता. व्याकरण बिनचूक आहे, पण अर्थ बसत नाही. उत्तर: एस-क्यू-पी-आर. लहानपणापासून संत्री विकणाऱ्या म्हाताऱ्याने रेल्वेमंत्र्यांना पत्र पाठवलं.

माझ्या बहिणीसोबत आम्ही असे पन्नासेक प्रश्न सोडवले. सुरुवातीला एकेकाला दोन मिनिटं लागायची. ती आता आधी क्रियापदाखाली रेघ मारते आणि मग प्रश्न विचारते. ३६ सेकंदांत दर वेळी होतं असं म्हणणार नाही, पण चारही पर्याय बरोबर वाटणं थांबलंय.

तुम्हाला चिकटवून ठेवायला आणखी काही खुणा सांगतो. 'फॉर', 'विथ', 'इन' अशा शब्दावर तुकडा संपत असेल तर पुढच्या तुकड्याची सुरुवात नामाने किंवा नामासारख्या शब्दाने होणार. 'नॉट ओन्ली' दिसलं की 'बट ऑल्सो' शोधा. पूर्ण वाक्यांचा परिच्छेद लावायचा असेल तर नाव आधी, 'ही' आणि 'शी' नंतर. एखादी वस्तू पहिल्यांदा आली की बहुधा 'अ', पुन्हा आली की 'द'. 'हाउएव्हर' किंवा 'देअरफोर'ने सुरू होणारं वाक्य पहिलं नसतं, कारण त्याला मागे काहीतरी लागतं. ही पुन्हा आकांक्षाच. आणि पर्याय वाचण्याआधी निदान एक पक्की जोडी शोधा. पर्याय आधी वाचले की डोकं त्यांच्याच क्रमाने वाहत जातं.

शिकवणी घेणाऱ्या ताई-दादांनाही एक विनंती. मराठी माध्यमाच्या पोरांना ट्रिक देण्याआधी मांजर-उंदराचं वाक्य दोन्ही भाषांत फळ्यावर लिहा. सहा क्रम त्यांच्याकडूनच करवून घ्या. दहा मिनिटं जातील. पण आपण कुठे अडखळतो आणि का, हे त्यांना स्वतःच्या भाषेतून दिसेल, आणि आपली भाषा ही आपली अडचण आहे असं वाटणार नाही.

आजच्यापुरतं एवढंच. कोणाला खंडान्वय लावून एखादा अडलेला प्रश्न सुटला तर मला जरूर कळवा, आणि अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्याला हा भाग पाठवा. परीक्षा देणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा. भेटू पुढच्या भागात.